नवरा-बायकोच्या बोलण्यातून मधला माणूस कसा काढायचा

नवरा-बायकोचं नेमकं कुठे अडलंय हे समजून घ्यायला मी दोघांनाही वेगवेगळं एकच विचारते: शेवटची तक्रार कोणाला सांगितलीत? बायको म्हणते, आईला. नवरा म्हणतो, ताईला, नाहीतर कंपनीतल्या मित्राला. कधी कोणी म्हणतं, मुलीला. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याचं नाव या उत्तरांत बहुतेक वेळा येतच नाही. भांडण झालेलं असतं, आवाज चढलेले असतात, ताट सरकवून उठणंही झालेलं असतं, पण काय खुपलं ते मात्र तिसऱ्याच्याच कानावर गेलेलं असतं.

बडोद्यातल्या एका मराठी मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र मी बरीच वर्षं सांभाळते आहे. सांगलीची मुलगी मांजलपूरला, दांडिया बाजारातली मुलगी पुण्याला, अशी लग्नं जमवणं, पत्रिका पाठवणं, दोन घरांना एका खोलीत बसवणं हे माझं काम. लग्नानंतरही फोन येत राहतात. "काकू, तुम्ही जरा त्यांना समजावा ना." लग्न ठरेपर्यंत मधला माणूस लागतो, तो असावाच. अक्षता पडल्यावर मात्र तो जितक्या लवकर बाजूला होईल तितकं घर लवकर उभं राहतं, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून या लेखात मी मुख्यतः तेवढंच सांगणार आहे: मधली माणसं कशी ओळखायची आणि त्यांना न दुखवता बाजूला कसं करायचं.

पहिल्यांदा मुलांना मोकळं करा

मांजलपूरच्या एका घरी मी संध्याकाळी गेले होते. स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती, वडील गॅलरीत फोनवर मॅच बघत होते, आणि नऊ वर्षांचा मुलगा हॉलमधून येरझाऱ्या घालत होता. "बाबा, आई म्हणते गॅसचा नंबर लावायचाय." "आई, बाबा म्हणतात तुझ्या फोनवरूनही लागतो." त्यावर आई म्हणाली, "सांग त्यांना, मला दोनच हात आहेत." पोरगं स्वयंपाकघराच्या दारात क्षणभर थांबलं. मग गॅलरीत जाऊन म्हणालं, "बाबा, आईला वेळ नाहीये." बाबा म्हणाले, "मग तिच्या आईला सांग म्हणावं." हे त्याने आत नेलंच नाही. "बाबा हो म्हणाले," एवढं सांगून तो टीव्हीसमोर जाऊन बसला.

नंबर अर्थातच लागला नाही. सिलिंडर संपला त्या दिवशी घरात जो तमाशा झाला त्यात खोटं बोलला म्हणून मार त्या पोरालाच बसला. नऊ वर्षांच्या मुलाने आईबापांचं भांडण टाळायला दोन्हीकडची वाक्यं गाळून दिली होती, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

यावर उपाय साधा आहे. निरोप मुलाकडून आला की ज्याला आला त्याने उठायचं. "तू खेळ, मी बोलतो आईशी," असं म्हणून स्वयंपाकघरात जायचं आणि उत्तर तिला तोंडावर द्यायचं. "तू मुलाकरवी का सांगतेस?" असं विचारत बसू नका, त्यातून नवं भांडण निघतं. निरोप पाठवणाऱ्याला सुधारण्यापेक्षा घेणाऱ्याने वागणं बदललं की काम लवकर होतं, कारण घेणाऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही. दोन-चार दिवस समोरच्याला अवघडल्यासारखं होतं. मग निरोप यायचे आपोआप थांबतात. "पानं घेतलीत, बाबांना बोलव," हा निरोप चालतो, त्यात वाकडं काही नाही. फक्त घरात त्या दिवशी अबोला असेल तर तोही मुलाकडून पाठवू नका.

मोठ्या मुलींबद्दल एक वेगळं सांगते. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आईची मैत्रीण होते, आणि आई तिला सगळं सांगू लागते. मन हलकं होतं हे खरं. पण तीच मुलगी काही वर्षांनी माझ्याकडे येते तेव्हा म्हणते, "काकू, मला लग्नच करायचं नाही," आणि कारण विचारलं की वडिलांविरुद्धच्या तक्रारी आईच्याच शब्दांत सांगते.

आपल्या माणसांना आपणच सांगायचं

एकत्र घरात सगळ्यात जास्त गुंता आईपाशी होतो. इथे आई म्हणजे मुलाची आई, सुनेची सासू. नवऱ्याला बायकोशी बोलायचं असतं ते तो आईपाशी पुटपुटतो आणि आई ते सुनेला सुनावते. सुनेला नवऱ्याकडून जे हवं असतं ते ती सासूला सांगते, म्हणजे निदान त्यांच्या शब्दाला मान मिळेल. प्रत्येक वेळी वाक्य सासूच्या स्वभावातून जातं आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत त्याचा सूर बदललेला असतो. सासू वाईट असते असं नाही. तिला कोणी विचारलंच नाही की हे काम तुम्हाला हवंय का.

दोन गोष्टी पाळा. पहिली, ठरवायचं खोलीत आणि सांगायचं बाहेर. दिवाळीला गावी जायचं की नाही, मुलाला कोणत्या शाळेत घालायचं, नवी गाडी घ्यायची का, हे आधी दोघांनी ठरवा. घरातल्या मोठ्यांचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण दोघं मिळून विचारायला जा. "आईला विचारून सांगतो," असं बायकोला म्हणून एकट्याने जाऊन विचारून येऊ नका. तेवढ्याने ती पाहुणी होते.

दुसरी गोष्ट, ज्याची माणसं त्याने सांगायचं. "या वर्षी गणपतीला आम्हाला येता येणार नाही," हे मुलाने स्वतःच्या आईला सांगायचं, आणि "या सुट्टीत मी पंधरा दिवस राहायला येणार नाही," हे मुलीने स्वतःच्या आईला. सांगताना "आम्ही ठरवलंय," असं म्हणा. "तिला नको आहे," असं म्हणणारा मुलगा आईचा राग आपल्या अंगावरून काढून बायकोच्या अंगावर टाकतो आणि तो राग पुढे वर्षानुवर्षं पुरतो.

पैशाच्या बाबतीत हे फार जपायला हवं. एका घरी भाऊबीजेला भावाने बहिणीच्या ताटात ११,००० रुपये ठेवले. चांगली गोष्ट. बायकोला ते कळलं नणंदेच्या फोनवरून, "वहिनी, दादाने फारच केलं हो या वेळी." तिने हसून उत्तर दिलं आणि मग दोन आठवडे नवऱ्याशी धड बोलली नाही. नवऱ्याला वाटलं, ही माझ्या बहिणीवर जळते. मी तिच्याशी बोलले तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी एकवीस दिले असते तरी मी नाही म्हटलं नसतं. पण मला ताईंकडून कळावं?" रकमेवरून तिची तक्रार नव्हतीच. म्हणून प्रत्येक जोडप्याने एक आकडा ठरवावा. त्याच्या खालचा खर्च ज्याचा त्याने करावा, वरचा आधी एकमेकांना सांगून. कोणाचा आकडा दोन हजार असेल, कोणाचा वीस, पण तो कागदावर लिहा आणि पगार वाढला की बदला. बायको कमावती असेल तर तिच्या माहेरच्या खर्चालाही तोच आकडा.

माहेरच्या फोनचं काय

इथे मी फार सांभाळून लिहिते आहे. बायकोचा माहेरचा फोन बंद करा असं जो सांगेल त्याचं ऐकू नका. परगावातून बडोद्याला आलेल्या मुलीला तो फोन हा आधार असतो, आणि तो तोडायला बघणाऱ्या घराकडे मी संशयानेच बघते.

पण क्रम बदलता येतो. खुपलेली गोष्ट आधी नवऱ्याला, मग आईला. कारण असं की मंगळवारी झालेलं भांडण बुधवारी रात्री मिटतं, दोघं गुरुवारी शेव-उसळ खायला बाहेर पडतात, पण सांगलीला आई अजून मंगळवारातच असते. तिला मिटल्याचा फोन कोणी करत नाही. ती दिवाळीला जावयाशी दोन शब्द कमी बोलते, जावई चिडतो, आणि भांडण पुन्हा उभं राहतं. आईला सांगितलंत तर मिटल्यावरही सांगा. मुलांनाही हेच लागू आहे. बहिणीपाशी बायकोचं गाऱ्हाणं केलंत ना, मग नंतर तिचं कौतुकही त्याच बहिणीला फोन करून सांगा.

बाहेरून आलेल्या सुनेची एक अडचण आमच्या बडोद्यातच दिसते. इथली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली, मुलं गुजराती शाळेत किंवा गुजराती मित्रांत वाढलेली. भाऊ-भाऊ जेवायला बसले की बोलता बोलता गुजरातीत जातात, आणि पैशाचा, दुकानाचा, जागेचा विषय निघाला तर हमखास. नाशिकची सून वाढत असते, तिला निम्मं कळतं, आणि तिला वाटतं माझ्यापासून लपवताहेत. लपवत कोणीच नसतं, त्यांच्या लक्षातही येत नाही. पहिलं वर्षभर गंभीर विषय तरी मराठीत बोला. आणि सुनांनो, गुजराती मनापासून शिका. खंडेराव मार्केटमधल्या भाजीवाल्या बायका कुठल्याही क्लासपेक्षा लवकर शिकवतात.

बसायला जागा आणि वेळ

मधला माणूस काढायचा तर दोघांना एकटं बसता आलं पाहिजे. आपल्याकडे बोलणं बिघडतं त्याचं अर्धं कारण घराच्या नकाशात असतं. गोत्रीचा टू बीएचके: एका खोलीत आईबाबा, दुसरीत तुम्ही आणि मुलं, हॉलमध्ये टीव्ही. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत तर भिंतीपलीकडे काका. मग जे बोलायचं ते रात्री अकरानंतर, दबक्या आवाजात, दिवसभर थकल्यावर. दबक्या आवाजात रागावलेलं वाक्य नेहमीपेक्षा जास्त विखारी वाटतं, आणि समोरच्याला नीट ऐकूही येत नाही.

घराबाहेर पडा. कमाटी बाग त्यासाठीच आहे असं मी मुलांना सांगते. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी लोकांसाठी बाग केली, सकाळी सहा-साडेसहाला तिथे गर्दी असते, पण तुमचं बोलणं ऐकायला कोणाला सवड नसते. चालत बोला. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे जड गोष्ट सांगायला सोपं जातं, विशेषतः पुरुषांना. सुरसागर तलावाच्या कठड्याशी रात्री बसा. गाडीवर जाताना मात्र बोलू नका. हेल्मेटमधून अर्धं ऐकू येतं आणि लक्ष रस्त्यावर नसतं. मागे बसून नवऱ्याच्या कानात तक्रार ओरडणारी बायको मी अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, स्वतः पाहिली आहे, आणि पुढच्या रिक्षावाल्याने कसंबसं वाचवलं दोघांना.

वेळ आठवड्यातून अर्धा तास, पण ठरलेली. कामावरून आल्या आल्या नको, स्वयंपाक चालू असताना नको, मुलाची परीक्षा आहे त्या आठवड्यात एखादी गोष्ट पुढे ढकला. शिफ्टवाल्यांसाठी वेगळा विचार करावा लागतो. १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मागोमाग खताचे आणि रसायनांचे कारखाने आले, आणि बडोद्याच्या कितीतरी घरांचं घड्याळ फर्स्ट, सेकंड आणि नाइटवर चालू लागलं. नाइट करून आलेला माणूस सकाळी सातला जेवढा चिडचिडा असतो तेवढा दिवसात कधी नसतो. त्याला आंघोळ करून झोपू द्या, विषय दुपारी चारला काढा. सुट्टीचा वार दर आठवड्याला सरकतो, म्हणून महिन्याच्या सुरुवातीला शिफ्टचा तक्ता फ्रिजवर लावा आणि त्यातच अर्ध्या तासाला खूण करा. बायको नोकरी करत असेल तर तिचेही दिवस त्याच कागदावर.

बसल्यावर एकच विषय घ्या. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, आणि उत्तर देण्याआधी काय ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. हे नाटकी वाटतं हे मला ठाऊक आहे. तरी करा. मी माझ्यासमोर बसवते तेव्हा असं होतं:

ती म्हणते, "तुमचे मित्र रविवारी न सांगता येतात आणि मी दिवसभर ओट्यापाशी असते."

तो म्हणतो, "म्हणजे माझे मित्र तुला आवडत नाहीत."

"नाही. पुन्हा ऐका."

"रविवारी... न सांगता येतात."

"हो. न सांगता."

तीन वाक्यांत कळलं की मित्र हा विषयच नाही, फोन करून येणं हा विषय आहे. आधी दोन वर्षं ते दोघं मित्रांच्या स्वभावावर भांडत होते.

मागायचं ते नीट मागा

समोरासमोर बसल्यावर काय बोलायचं याचं थोडं. तक्रार ही मागणीत बदला, आणि मागणीत वस्तू, वार, वेळ असू द्या. "तुम्ही घराकडे बघतच नाही," यावर माणूस काय करणार? "मी काय गोट्या खेळतो का दिवसभर," एवढंच म्हणणार. त्याऐवजी "गुरुवारी दहाला शाळेत पालकांची मीटिंग आहे, या वेळी तुम्ही जा, मला बँकेत जायचंय," असं म्हटलं तर हो किंवा नाही यापैकी एक उत्तर द्यावंच लागतं. नवऱ्यांनाही तेच. "घरात जरा शांतता असावी" ही मागणी होत नाही. "मी आल्यावर पंधरा मिनिटं मला चहा घेऊ दे, मग मुलांचं सांग," ही होते.

"नेहमी", "कधीच", "तुझ्या घरचे सगळेच" हे शब्द त्या अर्ध्या तासापुरते तरी बाहेर ठेवा. आणि "नाही" हे उत्तर मिळालं तर ते ऐकून घ्या. मागण्याचा हक्क आहे तसा नाही म्हणण्याचाही आहे. नाही म्हणणाऱ्याने त्याऐवजी काय जमेल ते सांगावं, म्हणजे बोलणं तिथेच तुटत नाही.

फोनच्या मेसेजवर बाजाराची यादी, पत्ता, बिलाचा फोटो एवढंच पाठवा. राग लिहून पाठवू नका. लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं जातं, दर वेळी जरा जास्त लागतं, आणि स्क्रीनशॉट काढून तिसऱ्याला पाठवता येतो, म्हणजे मधला माणूस परत आला. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टोमणे मारणाऱ्यांना तर मी सरळ रागावते, कारण तिथे दोनशे माणसं मध्ये घेतलेली असतात. नव्या लग्न झालेल्या मुलींसाठी एक माहिती: कारखान्याच्या ज्वालाग्राही भागात साधा मोबाइल नेता येत नाही, तो गेटवर किंवा लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दुपारभर तुमच्या मेसेजला उत्तर आलं नाही याचा अर्थ तो टाळतोय असा लावू नका. अडीअडचणीला लागणारा कंट्रोल रूमचा किंवा खात्याचा नंबर मात्र पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडून लिहून घ्या. तो नंबर देणं हे नवऱ्याचं काम आहे, बायकोला मागायला लावू नये.

अबोला धरला असेल तर

राग आला की गप्प बसणं आणि अबोला धरणं यांत फरक करा. गप्प बसण्याची गरज खरी असते. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बोलायला बसवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचं धड ऐकूच येत नाही, आणि शरीर निवायला निदान वीस मिनिटं लागतात, असं त्यांचं सांगणं आहे. तेव्हा डोकं तापलं की उठा, पाणी प्या, खाली जाऊन सोसायटीला फेरी मारा. फक्त उठताना सांगा: "मी साडेनऊला परत बोलतो." आणि साडेनऊला, ज्याने वेळ मागितली त्यानेच विषय काढायचा. वेळ न सांगता उठून जाणं हे समोरच्याला दार आपटल्यासारखंच लागतं.

अबोला मात्र दिवसच्या दिवस चालतो. आपल्या घरांत तो फार रुजलेला आहे, आणि तो धरणाऱ्याला वाटतं मी तर काहीच वावगं बोलले नाही. समोरचा विचारतो, "काय झालं?" उत्तर येतं, "काही नाही." पुन्हा विचारलं की, "म्हटलं ना, काही नाही." हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण त्यात सगळं काम चिडलेल्या माणसावर टाकलेलं असतं. त्यापेक्षा स्वतः आठवून एक गोष्ट पुढे ठेवा. "परवा ताईंसमोर मी म्हणालो की भाजीत मीठ जास्त झालंय, ते लागलं का तुला?" अंदाज चुकला तरी चालतं. "ते नाही हो, मी सुट्टीबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही फोनमधून मान वर केली नाहीत," असं खरं उत्तर बहुधा तेवढ्यावर बाहेर येतं. आणि बाहेर आलं की लगेच सफाई देऊ नका. "हो, नाही केली," एवढं कबूल करा. कारण नंतर सांगता येतं.

वय झाल्यावर एक तपासणी

साठीच्या पुढच्या जोडप्यांकडून मला तक्रार येते, "हे माझ्याकडे लक्षच देत नाहीत." त्यांना मी पहिल्यांदा कान तपासायला पाठवते. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते आधी उंच पट्टीतलं. म्हणजे बायकांचा आवाज, आणि स, श, त, फ यांसारखी अक्षरं आधी जातात. मिक्सर चालू असेल, टीव्ही चालू असेल तर आणखीच. माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही, विचारायची लाज वाटते, म्हणून तो नुसती मान हलवतो. बायको म्हणते, मान हलवली आणि केलं काहीच नाही. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांना ऐकण्याचं यंत्र लागल्यावर आजी मला म्हणाल्या, "अगं, हे उत्तरं देतात आता." सयाजी हॉस्पिटलमध्ये कान-नाक-घशाचा विभाग आहे, तिथे दाखवा. आणि तोपर्यंत दुसऱ्या खोलीतून हाका मारणं बंद करा, समोर येऊन बोला.

तिसरा माणूस खरोखर लागतो तेव्हा

एवढं सगळं सांगितलं ते दोघंही घाबरून नसतील तरच उपयोगाचं. हात उचलला जात असेल, पैसे आणि फोन काढून घेतले जात असतील, नवऱ्याची गाडी खाली वाजली की पोटात गोळा येत असेल, तर "आपण नीट बोलत नाही" हे निदान चुकीचं आहे. त्या बाईने कमाटी बागेत जाऊन समजुतीने बोलायचं नाही. १८१ ला फोन करायचा. गुजरातेत ही अभयम् हेल्पलाइन रात्रंदिवस चालते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिच्या बाजूने आहे. अशा बाईने मधला माणूस काढायचा तर नाहीच, उलट माहेर, शेजारी, जो जवळ असेल त्याला सांगायचं. मी अशा जोडप्याला एकत्र बसवत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

भीती नाही, पण वर्षभर प्रयत्न करूनही तेच तेच भांडण होतंय, अशी जोडपी पुष्कळ असतात. त्यांनी समुपदेशकाकडे जावं. काका-मामांच्या बैठकीपेक्षा तो केव्हाही बरा. मामा दोघांना वेगवेगळं ऐकतो आणि निरोप पोहोचवतो, समुपदेशक दोघांना एकत्र बसवून एकमेकांशी बोलायला लावतो. त्याला तुमच्या घरच्या कार्यात जेवायला यायचं नसतं, त्यामुळे कोणाची बाजू घ्यायची गरजही नसते. झोप उडाली असेल, मन सारखं उदास असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत मिळते. तिथे एकट्याने बोललं तरी चालतं.

"आपल्याकडे असं बाहेर जात नाहीत," असं जुनी मंडळी मला ऐकवतात. मी त्यांना आठवण करून देते की याच बडोदे संस्थानात १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला आणि १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाची तरतूद मिळाली. अख्ख्या देशासाठी हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ साली. लग्नात अडचण येऊ शकते आणि ती उघड बोलता येते, हे आमच्या गावाला नवं नाही. आणि कोर्टापर्यंत गेलात तरी बोलणं टळत नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणे न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो. संमतीने वेगळं व्हायचं तरी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्ज केल्यावर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने माफ करता येतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं, पण ते योग्य प्रकरण बघूनच. तिथे समुपदेशकाच्या टेबलाशी जे बोलावं लागतं तेच आज सुरसागरच्या कठड्यावर बोलून बघा, असं मी जोडप्यांना सांगते.

मला फोन करायचा तर जरूर करा, पण दोघांनी एकत्र, स्पीकरवर. एकट्याने केलात तर मी पाच मिनिटं ऐकेन आणि मग विचारेन की हे घरात सांगितलंत का. नसेल सांगितलं तर फोन ठेवेन. रविवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलवर असते, तिथे येणार असाल तर मुलांना आजीकडे ठेवून या.